उपासवाली आजी

अमरावतीत मी ज्या दवाखान्यात नोकरी करते, तिथे माझ्या खोलीच्या दारावर ‘गुणवत्ता कक्ष’ अशी पाटी आहे. खोली जिन्याखाली आहे, त्यामुळे उंच माणूस आत आला की त्याला आधी डोकं सांभाळावं लागतं. तिथे बसून मी रुग्णांना मिळणारी सेवा कशी सुधारेल याचा विचार करते, म्हणजे त्याचा मला पगार मिळतो. घरी निघालेल्या माणसाला रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे दाखवायचे आणि त्यानं आपला चेहरा निवडायचा, ही पद्धत आमच्याकडे मीच सुरू केली. बहुतेक लोक हसरा निवडतात. घरी जायला मिळतंय म्हटल्यावर रडका कोण निवडेल?

माझ्या आईला या नोकरीचं कधीच काही वाटलं नाही. ती बाळापूरजवळच्या आमच्या गावी राहते. कोणी विचारलं की सांगते, "पोरगी दवाखान्यात हाय. डॉक्टर नाही, नर्स नाही, नुसती हाय."

तर या आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. दुखायला लागलं की भिंतीला टेकून बसायची, घामानं चिंब व्हायची आणि वर म्हणायची, ग्यास झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पिशवी काढून टाका, एखादा खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल. आईला चाकूची भीती नव्हती. भुलीची होती. "भुलीत मानूस काय बोलंन त्याचा भरोसा नाही," ती म्हणायची. "तुह्या काकूचं सारं माह्या पोटात हाय. ते भाईर निंगालं म्हंजे?" हे ती हसत सांगायची. पण एकदा भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "अन् मंग उठलीच नाही तं?" मलाही नेमकी तीच भीती वाटत होती.

तिचं मन वळवण्यात सगळा उन्हाळा गेला. शेवटी तयार झाली तीही अटीवर. "एकदाच येईन. आली म्हंजे कापा नाही तं सोडा. घरी पाठवून परत बोलावलं तं मी येनार नाही, सांगून ठेवते." आईच्या अशा अटींना आमच्या घरी फार वजन आहे. अकोल्यातल्या एका कापडाच्या दुकानात कोण्या नोकरानं तिला "हे तुम्हाला परवडणार नाही" असं म्हटलं होतं. त्या गोष्टीला जमाना झाला, नोकर गेला, मालकही बदलला, आई अजून त्या बाजूच्या फुटपाथवरून चालत नाही.

माझ्या दवाखान्यात यायला तिनं साफ नकार दिला. "तिथी तू सगळ्याइले वरडशीन अन् मले लाज वाटंन." म्हणून अकोला. मी रजा टाकली, गाडीत बसले, आणि तिला तिथल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळचा पलंग मिळवून दिला.

शेजारच्या पलंगावर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेली एक मुसलमान बाई होती. तिचा भाचा सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचा आणि दारातूनच "खाला!" अशी हाक मारायचा. त्यामुळे सिस्टरपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळा वॉर्ड तिला खालाच म्हणू लागला. खालाच्या घरी गाद्या-रजया भरायचा धंदा. आल्या आल्या तिनं दवाखान्याची गादी हातानं दाबून पाहिली आणि आईला म्हणाली, "इसमें रुई कम, इमान उससे बी कम." आईला एवढंच पुरलं. दुपारपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुना, गुडघे आणि तुरीचं पीक यांची पूर्ण माहिती करून घेतली होती.

मी मात्र सवयीनं दवाखाना पाहत बसले. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बायका जसं स्वयंपाकघर पाहतात, तसं मी दवाखान्यात गेल्यावर पाहते. फरशी चकचकीत. सिस्टर गोड बोलणाऱ्या. ट्रॉली ढकलणारे मामा तर इतके हळुवार की वळणावर पेशंटला आधी सांगायचे, "आता उजवीकडे जाऊन राहिलो, आजी." खोट काढायला मला काही सापडेना, आणि खरं सांगते, थोडी जळजळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ऑपरेशन आईचं, त्यानंतर खालाचं. आदल्या संध्याकाळी ड्युटीवरची सिस्टर आली. वॉर्डात दोन सिस्टर असायला हव्या होत्या, पण एकीला आयसीयूनं उसनं नेलं होतं. शेजारणीकडून नेलेली वाटी जशी लवकर परत येत नाही, तशी ही सिस्टरही परत येत नसावी. त्यामुळे उरलेली एकटी पळत होती. एका हातात सलाईन, कानाशी खांद्यानं दाबलेला फोन, आणि आईकडे पाहून म्हणाली, "आजी, उद्या सकाळी उपाशी राहायचं बरं का." पुढचं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि ते वाक्य घेऊन ती तिकडे पळाली.

"राहीन ना," आई तिच्या पाठीमागून म्हणाली. "मले सवय हाय."

सवय तर आहेच. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय एक गुरुवार जो कशासाठी धरला होता हे आता तिलाही आठवत नाही.

सकाळी मला खालच्या काउंटरवर बोलावलं. संमतीच्या कागदावर माझी सही झाली होती, पण शिक्का राहिला होता, आणि शिक्का ज्यांच्याकडे असतो ते चहाला गेले होते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडेही शिक्का चहाला जातो. मी तिथे उभी राहून त्यांची वाट पाहिली, शिक्का घेतला आणि वर आले. आई अंघोळ करून, वेणी घालून, दवाखान्याचा हिरवा झगा चढवून बसली होती. चेहऱ्यावर मोठी शांती. मला वाटलं, देवाचं नाव घेऊन बसली असेल.

मामा ट्रॉली घेऊन आले. सकाळच्या सिस्टरनं विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?"

"हाव. एकदम उपाशी."

"नक्की ना ताई?" सिस्टरनं मला विचारलं.

"नक्की," मी म्हणाले. आईचा शब्द होता, मी कशाला शंका घेऊ?

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून आवाज आला. "हौ, एकदम उपाशी. साबुदाना खाया, दही खाया, केला खाया. सब उपासका."

मामांनी पुढे आणलेली ट्रॉली थांबवली. मग आईच म्हणाली, "मंग? उपासाले तेच चालते ना बापा? साबुदान्याची उसळ चांगली होती, मीठ कमी होतं जरा."

मला आधी हसू आलं, आणि मग आठवलं. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे मी आमच्या नव्या नर्सना शिकवते. खाला बोलली नसती तर माझी आई, मी स्वतः ‘नक्की’ म्हणून शिक्कामोर्तब केलेली, पोटात साबुदाणा घेऊन आत गेली असती.

"कोणी दिली उसळ?" सिस्टर ओरडलीच.

"तुमच्याच मानसानं. ‘उपासवाली आजी कोनती?’ करत आला. दवाखान्यानंच पाठवली म्हटल्यावर मी कायले नाही म्हनू?"

त्या माणसानं दोन ताटं आणली होती म्हणे. दुसरं खालासाठी. पण खालाकडे पाहून तो गोंधळला. "इनका काहे का उपास?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं ते ताट परत नेलं, आणि जाताना त्यातलं केळं आईला जास्तीचं देऊन गेला.

"मेरेकू तो सिस्टरने बोली उपाशी," खाला म्हणाली, "मैं समझी रोजा. रात को पेटभर खा ली, वोच सेहरी. सुबे से पानी का घूंट नाई. और ये बहन मेरे सामने बैठके दही खा रई!"

मामांची ट्रॉली रिकामी परत जाऊ शकत नव्हती. ऑपरेशन थिएटर सुरू झालं होतं, भूल देणारे डॉक्टर आले होते आणि त्यांना पुढे दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं. म्हणून आईच्या ट्रॉलीवर खालाला झोपवलं. "मेरा रोजा काम आया," असं म्हणत खाला गेली. आईचं ऑपरेशन उद्यावर.

उद्या हा शब्द ऐकताच आईनं झगा काढायला घेतला. "चाल घरी. म्या सांगतलं होतं. कापा नाही तं सोडा."

"आई, पुन्हा दुखलं तर? खडा अडकला तर?"

"अडकू दे. लय झालं. मी काय पाहुनी म्हनून आली का इथी?"

मी तिला "जरा थांब" म्हणाले आणि माझा सगळा राग घेऊन खाली उतरले. मला गुन्हेगार हवा होता. माझी नोकरीच ती आहे, आणि मला वाटत होतं की एका तासात मी त्याला कान धरून उभा करीन.

आधी स्वयंपाकघर गाठलं. तिथले मुख्य आचारी पोटानं प्रशस्त आणि स्वभावानं त्याहून. माझा आवाज ऐकून त्यांनी आधी मला स्टूल दिलं. "म्याडम, काल सांजच्याले वॉर्डातून फोन आला, सात अन् आठ नंबर पलंग, उपासाची. आमी तं आजी म्हनून दाने जास्त कुटून टाकले."

"उपासाची नाही हो, उपाशी!"

"तसं होय का?" ते खरोखर विचारात पडले. "त्या फोनात तं सारं सारखंच आयकू येते. कधी कधी मले वाटते कोनी भजे तळून राहिलं."

फोन म्हणजे वॉर्ड आणि स्वयंपाकघरामधला इंटरकॉम. तो पावसाळ्यापासून खरखरत होता. मी फोनवाल्यांकडे गेले. त्यांनी तक्रार वेळेवर वर पाठवली होती. वरच्यांनी वेळेवर खरेदी विभागाकडे पाठवली होती. खरेदी विभाग तीन कोटेशनची वाट पाहत होता, त्यातली दोन आली होती. आणि ही उपासाची उसळ मुळात सुरू का झाली? तर उपासाच्या दिवशी पेशंटची आबाळ होते अशी लोकांनी तक्रार केली होती, आणि दवाखान्यानं ती मनावर घेतली होती. म्हणजे लोकांचं ऐकून केलेली सुधारणाच माझ्या आईच्या पोटात गेली होती. अशा सुधारणेसाठी मी आमच्या अमरावतीत टाळ्या वाजवल्या असत्या.

थिएटरच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वॉर्डानं तयार आहे सांगितलं की आम्ही नेतो. वॉर्ड म्हणाला, पेशंटनं उपाशी आहे सांगितलं. पेशंट तर माझी आई. प्रत्येकानं आपापला तुकडा अगदी नीट केला होता. त्या तुकड्यांच्या मधल्या फटीतून साबुदाणा आत आला, आणि त्या फटीवर नेमलेला माणूस कुठेच नव्हता. आमच्याकडेही नाही. आमचा इंटरकॉम मात्र उत्तम आहे, फक्त तो कोणी उचलत नाही.

मी हात हलवत वर आले. वाटेत ठरवलं होतं की आईच्या पाया पडायचं, रडायचं, वेळ पडली तर काकूच्या गोष्टी काढायच्या, पण तिला आज इथेच ठेवायचं. वर पाहते तर आईनं लुगडं नेसून, पिशवी भरून, चपला घातलेल्या. पण ती स्वतःच्या पलंगावर नव्हती. खालाला थिएटरमधून आणलं होतं, आणि आई चपलांसकट तिच्या उशाशी बसली होती.

खाला अर्धवट गुंगीत पाणी मागत होती. पाणी द्यायचं नव्हतं. सिस्टरनं सांगितलं होतं की कापूस ओला करून नुसते ओठ पुसा. भाचा बाहेर औषधं आणायला गेला होता आणि सून दुपारनंतर यायची होती. आई कापूस बुडवायची, पिळायची आणि खालाच्या ओठांवरून फिरवायची. "धीर धर," ती म्हणत होती, "उलीशाक टाइम हाय. सुटंन तुहा रोजा."

मी हळूच विचारलं, "आई, निघायचं का?"

"कुठी?" आई माझ्यावर खेकसली. "हे अशी पडून हाय अन् मी जाऊ? तुले काही समजते का नाही?"

मला समजत होतं. मी तिची पिशवी उचलून पलंगाखाली ठेवली.

थोड्या वेळानं खालानं डोळे उघडले. आईनं पहिला प्रश्न विचारला तो तिच्या मनात उन्हाळाभर होता. "कसं वाटलं वं? भुलीत?"

"कुछ बी नाई," खाला जड जिभेनं म्हणाली. "सोई, उठी. बस."

"काही बोलली का?"

"क्या मालूम. तुम्हारे वास्ते पूछ के आना था क्या?"

आई हसली. मग तिनं चपला काढल्या.

संध्याकाळी तीच कालची सिस्टर आली. तिला सगळं कळलं होतं. ती आईच्या पलंगाच्या कडेला टेकली, जी गोष्ट ड्युटीवरची सिस्टर कधी करत नाही, आणि म्हणाली, "आजी, चुकलंच माझं. उपाशी म्हणजे..."

"समजलं मले," आईनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. "खालानं सांगतलं. रोजा. आता जेवीन, मंग पानीबी नाही. देवाले माह्या उपासाचा कटाळा आला असंन, एक रोजा धरून पाहीन."

सिस्टर हसता हसता रडली की रडता रडता हसली, मला नीट कळलं नाही. दिवसभर तिला सगळ्यांनी ऐकवलं असणार. मग ती फोनला हात न लावता स्वतः जिना उतरून स्वयंपाकघरात गेली. जाताना वॉर्डाच्या दाराशी तिला एक नवी पेशंट भेटली, तिचंही ऑपरेशन सकाळीच होतं. सिस्टरनं तिला थांबवून सांगितलं, "ताई, उद्या उपाशी. उपास नव्हे बरं, रोजासारखं. पाणीसुद्धा नाही." ती बाई एका फटक्यात समजली. आपल्या वऱ्हाडात रोजा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी दरवर्षी नव्या नर्सना ‘स्पष्ट संवाद’ या विषयावर सबंध सकाळ बोलते, आणि हा शब्द मला कधी सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शिक्क्यासाठीही खाली गेले नाही. थिएटरच्या दारात भूल देणारे डॉक्टर आईवर वाकले. "आजी, काही खाल्लं? प्यायलं?"

"थुकाबी गिळला नाही," आई म्हणाली.

"तेवढा चालतो," डॉक्टर म्हणाले.

दार उघडलं तेव्हा आईनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता आणि पकड शेतात काम केलेल्या बाईची होती. सगळी थट्टा संपली होती. "भाईरच राहशीन ना?" तिनं विचारलं. मी म्हणाले, राहीन. मग मामा म्हणाले, "आता सरळ जाऊन राहिलो, आजी," आणि दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसून मी पोटभर रडले. वॉर्डातून खालाची सून आली, पाय तिचे, निरोप सासूचा. "अम्मी पूछ रई, हुआ क्या?" असं विचारून ती जायची आणि थोड्या वेळानं परत यायची.

झालं. आई उठली. भुलीत ती बोलली, पण काकूचं काही नाही. थिएटरच्या सिस्टरनं सांगितलं की तुमच्या आईंनी आम्हाला साबुदाणा कसा भिजवायचा ते शिकवलं, पाणी बोटभर वर ठेवायचं नाही म्हणे.

घरी सोडायच्या दिवशी एक मुलगी हातात चकचकीत पाटी घेऊन आली. पाटीवर पाच चेहरे होते. मी मुद्दाम बाजूला सरकले. आईनं पाचही चेहरे नीट निरखले. "हे कोन व्हय?" तिनं विचारलं.

"आजी, आमची सेवा कशी वाटली ते सांगायचं. यातला एक निवडा."

"उसळीत मीठ कमी होतं," आई म्हणाली. "बाकी शेजार चांगला भेटला." मुलीनं पाटीवर शेजार कुठे दिसतो का ते पाहिलं आणि तिनंच हसरा चेहरा दाबला. मीही असाच दाबला असता.

शेवटी डॉक्टर आले. टाके पाहिले, पथ्य सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात टाके काढायला पुन्हा यावं लागेल." पुन्हा. घरी पाठवून परत बोलावणं, जे आईच्या अटीत बसत नव्हतं. मी आईकडे पाहिलं, आणि कोणती सबब सांगून, कोणत्या गाडीत घालून तिला परत आणायचं याचा हिशोब मनात सुरू केला.

आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती शेजारच्या पलंगाकडे वळली होती.

"काहून वं खाला," तिनं विचारलं, "तुले कोन्ता वार देला?"